संपलेलं डोमेन परत मिळवायचं आहे, बॅकऑर्डर कुठे टाकावी?

कुळागर
नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचं संकेतस्थळ काही आठवड्यांपासून उघडत नाही, त्याजागी जाहिरातींचं पान येतं. चौकशी केली तेव्हा कळलं की डॉट कॉम नावाची मुदत संपली आहे. नाव ज्यांनी घेतलं ते आमचे जुने चिटणीस आता हयात नाहीत. नूतनीकरणाच्या सूचना त्यांच्या ईमेलवर जात राहिल्या असणार आणि तो ईमेल उघडणारं कोणी उरलं नव्हतं.

मजकुराची प्रत आमच्याकडे आहे: हस्तलिखित दिवाळी अंकांचे स्कॅन, नाट्यप्रयोगांचे जुने फोटो, भजनी परंपरेवर जमवलेलं साहित्य. जीव अडकलाय तो नावात. निमंत्रणपत्रिकांवर तेच, पुस्तकांवरच्या शिक्क्यात तेच, रस्त्यावरच्या फलकावर तेच. चवथीनंतरच्या व्याख्यानमालेच्या पत्रिका लवकरच छापायला द्यायच्या आहेत.

शोधताना बॅकऑर्डर हा प्रकार समजला, म्हणजे संपलेलं नाव मोकळं झालं की आपल्यासाठी पकडायला एखाद्या सेवेला आधीच सांगून ठेवायचं. गोडॅडी, ड्रॉपकॅच, स्नॅपनेम्स, नेमजेट, डायनाडॉट अशी बरीच नावं दिसतात. ह्यातली कुठली सेवा घ्यावी? समितीपुढे खर्चाचा आकडा ठेवायचा आहे. आमचं नाव आहे (संपादित).

संपादक
कुळागर, तुमच्या पोस्टमधलं डोमेन नाव काढलं आहे. मुदत संपलेल्या नावांच्या शोधात असलेले लोक असे धागेही वाचतात. इतरांनीही नाव उघड न करता लिहावं.

वाळवंटी
कुळागरताई, सेवा शेवटी ठरवू. आधी नाव कुठल्या टप्प्यात आहे ते बघा, कारण बॅकऑर्डरची गरज आहे की नाही हे त्यावर अवलंबून आहे. आयकॅन ह्या डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या जागतिक संस्थेच्या लुकअप पानावर नाव टाका. (पूर्वी ह्यासाठी हूइज वापरायचे. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी आरडॅप हीच अधिकृत पद्धत आहे.) तिथे रजिस्ट्रार (नाव ज्या कंपनीकडून घेतलं ती) कोण आणि स्टेटस काय, एवढ्या दोन ओळी वाचा आणि इथे फक्त स्टेटस सांगा.

डॉट कॉमची मुदत संपली की नाव लगेच मोकळं होत नाही. पुढे ४५ दिवसांपर्यंत ते रजिस्ट्रारच्या हाती असतं. ह्या काळात जुना मालक आला तर बहुतेक रजिस्ट्रार नेहमीच्या किंवा थोड्या जादा शुल्कात नाव परत देतात. मालक आला नाही तर अनेक जण ह्याच काळात ते लिलावात काढतात. लिलावात गिऱ्हाईक मिळालं नाही आणि रजिस्ट्रारने नाव रद्द केलं, की ३० दिवसांचा रिडेम्प्शन पीरियड लागतो. तेव्हा नाव फक्त जुना मालक सोडवू शकतो आणि तेही जुन्या रजिस्ट्रारमार्फतच. शुल्क मात्र नूतनीकरणाच्या कैकपट असतं. त्यानंतर ५ दिवस पेंडिंग डिलीट. त्या पाच दिवसांत मालकाच्याही हातात काही राहत नाही. मग नाव सुटतं, आणि बॅकऑर्डरवाली सेवा झडप घालते ती ह्या क्षणी.

तुम्ही सांगता त्या काळाचा हिशेब केला तर नाव अजून वाचनालयाचंच असण्याची शक्यता खूप आहे. स्वतःच्या हक्काच्या वस्तूसाठी बोली लावायची वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

शापोरा
वाळवंटी यांनी मध्यावरच्या लिलावाबद्दल लिहिलंय ते कृपया सगळ्यांनी दोनदा वाचा. मांद्र्याला माझा होमस्टे आहे. ऑटो रिन्यू चालू होतं, कार्डही चालू होतं. पण रिझर्व्ह बँकेचे आवर्ती व्यवहारांचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले आणि परदेशी कंपनीकडची जुनी परवानगी चालेनाशी झाली. पैसे कापले गेले नाहीत, नाव संपलं. मला कोणीतरी बॅकऑर्डर टाकायला सांगितलं, ती मी टाकली आणि नाव सुटण्याची वाट बघत बसलो. नाव सुटण्यापर्यंत आलंच नाही. रजिस्ट्रारच्या भागीदाराच्या लिलावात ते आधीच विकलं गेलं. आज तिथे कुठल्यातरी परक्या भाषेतली जुगाराची पानं आहेत आणि जुने पाहुणे मला फोन करून विचारतात की धंदा बदलला काय.

दर्यादेग
माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण ह्याच धाग्यात विचारतो. कोकमाचं सरबत आणि आगळ विकायचा छोटा उद्योग सुरू करतोय, काणकोणला. मला हवं असलेलं एक सोपं डॉट कॉम नाव सध्या रिडेम्प्शनमध्ये दिसतंय. ते कधीच माझं नव्हतं. मला तर बॅकऑर्डर टाकावीच लागणार ना? मग सेवा कोणती?

म्हापशेकर
दर्यादेग बाब, हो. रिडेम्प्शनला लागलेलं नाव मालकाने सोडवलं नाही तर ते सुटणारच, म्हणून तुमच्यासाठी सेवेचा प्रश्न खरा आहे. मी गिऱ्हाइकांसाठी हे काम अधूनमधून करतो, जे माहीत आहे ते सविस्तर लिहितो.

इथे दोन बाजार आहेत. पहिला रजिस्ट्रारच्या लिलावाचा. गोडॅडीकडची संपलेली नावं गोडॅडी ऑक्शन्सवर जातात, डायनाडॉटकडची डायनाडॉटवर, नेटवर्क सोल्युशन्सची वर्षानुवर्षं नेमजेटवर जात आली. नाव त्या टप्प्यात असेल तर जिथे ते विकायला ठेवलंय तिथेच खातं उघडावं लागतं. भलत्या ठिकाणी टाकलेली बॅकऑर्डर तिथे नुसती पडून राहते. शापोरांचं तेच झालं. ह्या मार्गाने नाव मिळालं तर त्याची मूळ नोंदणीची तारीख कायम राहते, सुटून पकडलेल्या नावाला नवी तारीख लागते. जुन्या वयाला किंमत देणारे लोक म्हणूनच पहिल्या बाजारात गर्दी करतात.

दुसरा बाजार सुटणाऱ्या नावांचा. डॉट कॉमची नोंदवही व्हेरिसाइन ह्या अमेरिकी कंपनीकडे आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी दोनच्या सुमारास त्या दिवसाची नावं सुटायला लागतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा, आणि तिकडे हिवाळ्याचं घड्याळ असताना साडेबारा, म्हणजे तारीख बदललेली. चांगलं नाव सुटल्यापासून सेकंदाच्या आत उचललं जातं. हाताने टाइप करून ते मिळवायची आशा धरू नका.

आता सेवा कशी जोखायची. व्हेरिसाइन प्रत्येक मान्यताप्राप्त रजिस्ट्रारला ठरावीकच जोडण्या देते. एका कंपनीकडे जितके रजिस्ट्रार परवाने, तितक्या जास्त विनंत्या ती त्या सेकंदात पाठवू शकते. म्हणून ह्या धंद्यातल्या मोठ्या कंपन्या कागदोपत्री शेकडो रजिस्ट्रार बाळगतात. एका परवान्याची आयकॅनची वार्षिक फीच ४००० डॉलर आहे, आणि तरी ड्रॉपकॅचने २०१६ च्या अखेरीला एकदम पाचशे नवे परवाने घेतले. तुमच्या नेहमीच्या होस्टिंगवाल्याने अगदी स्वस्तात बॅकऑर्डर देऊ केली तर त्याला सरळ विचारा की पकडायचं काम प्रत्यक्षात कोण करतं आणि किती परवान्यांवरून. उत्तर मिळालं नाही तर ते पैसे दुसरीकडे लावा.

डॉट कॉमसाठी मी ड्रॉपकॅच आधी धरतो. जोडीला स्नॅपनेम्स किंवा नेमजेट ह्यांतलं एक. दोन्ही टाकण्यात फारसा फायदा नाही: नेमजेटमध्ये नेटवर्क सोल्युशन्सचा वाटा होता, वेब.कॉमने नेटवर्क सोल्युशन्स २०११ मध्ये घेतली आणि स्नॅपनेम्स २०१४ मध्ये, म्हणजे घर एकच.

वाळवंटी
म्हापशेकरांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत. एका गोष्टीत माझा अनुभव वेगळा पडतो. ड्रॉपकॅचकडे पकडण्याची ताकद जास्त आहे हे खरं, पण एकाच नावावर दोघांची ऑर्डर असेल तर तिथे तीन दिवसांचा खुला लिलाव होतो. आपल्या देवळातल्या पावणीसारखं, तिथे उभा असेल तो बोली लावतो. ज्याला ते नाव आदल्या दिवसापर्यंत ठाऊकही नव्हतं तोसुद्धा यादी चाळताना बघतो आणि भाव चढवतो. स्नॅपनेम्सवर सुटलेल्या नावाचा लिलाव फक्त आधी ऑर्डर टाकलेल्यांतच होतो. छोट्या उद्योगाला मर्यादित पैशात नाव हवं असेल तर हा फरक मोठा आहे.

म्हापशेकर
मान्य, पण नाव कोण पकडेल ते तुम्ही ठरवू शकत नाही. फक्त स्नॅपनेम्सवर ऑर्डर टाकली आणि पकडलं ड्रॉपकॅचने, तर खुल्या लिलावाला तोंड द्यावंच लागेल, नाहीतर नाव सोडून द्यावं लागेल. आणि तिथे कोणाचीच ऑर्डर नसेल तरी ते त्यांच्याकडून उचललं जाऊ शकतं. ह्यूजडोमेन्स हे त्याच कंपनीचं भावंड आहे, लाखो नावांचा साठा करून चढ्या किमतीला विकणारं. एकदा नाव तिथे गेलं की भाव चार आकडी डॉलरमध्ये बघायला मिळतो. म्हणून दोन्हीकडे टाका. दोन्ही सेवा नाव मिळवून दिलं तरच पैसे घेतात, त्यामुळे दुहेरी खर्च होत नाही.

वाळवंटी
हे पटलं. दोन्हीकडे टाकणंच बरं. आगाऊ पैसे घेणाऱ्या सेवाही आहेत, तिथे नाव हुकलं तर पैसे परत मिळतात की दुसऱ्या नावासाठी जमा राहतात, ते आधी वाचून घ्यावं.

अबोली
मध्येच लिहिते, पण हे तातडीचं आहे. मी एका सहकारी पतसंस्थेत हिशेब बघते. कुळागरताई, वाचनालयाचा ईमेल त्याच डोमेनवर होता का? असेल तर आज, आत्ता, त्या पत्त्याशी जोडलेली प्रत्येक गोष्ट बदला: बँकेचा नोंदवलेला ईमेल, फेसबुक पान, यूट्यूब, गूगल खातं, देणगीसाठीचं पेमेंट गेटवे. उद्या ते नाव परक्याच्या हाती गेलं तर त्या पत्त्यावर येणारी सगळी पत्रं तो वाचू शकतो. पासवर्ड विसरलो असं बटण दाबायचं, दुवा ईमेलवर येतो, खातं त्याचं. लोक संकेतस्थळाच्या काळजीत असतात आणि ईमेलकडे कोणाचं लक्ष जात नाही.

कुळागर
अबोली, देव बरें करूं. खरंच एक पत्ता त्या डोमेनवर होता आणि बँकेत तोच होता. आज सकाळी शाखेत जाऊन बदलला, फेसबुकचाही बदलला.

वाळवंटीदादा, स्टेटस बघितलं. रिडेम्प्शन पीरियड असं लिहिलंय. म्हणजे लिलावातून कोणी घेतलं नाही असं समजायचं का? आणि मालकाच्या रकान्यात काहीच दिसत नाही, सगळं झाकलेलं आहे.

वाळवंटी
हो, लिलावाचा टप्पा टळला. तुमचं नशीब चांगलं. आता तुमच्याकडे तीस दिवसांतले उरलेले दिवस आहेत.

मालकाचा तपशील झाकलेला दिसतो तो २०१८ मध्ये युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहिती जपण्याचा कायदा आल्यापासून बहुतेक सगळ्यांचाच. रजिस्ट्रारकडे मात्र मूळ नोंद असते. तिथे संस्थेचा म्हणून वेगळा रकाना असतो. चिटणीसांनी नाव घेताना त्यात वाचनालयाचं नाव लिहिलं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे, कारण मग ते केवळ संपर्काची व्यक्ती ठरतात. रजिस्ट्रारला लेखी कळवा की नोंदणीकृत संस्था ही मालक आहे, संपर्क व्यक्तीचं निधन झालं आहे, आणि नाव सोडवायचं आहे. सोबत संस्था नोंदणीचं प्रमाणपत्र, नव्या पदाधिकाऱ्यांच्या निवडीचा ठराव, मृत्यूचा दाखला, आणि जुनी पावती मिळाली तर ती. चिटणीसांच्या घरच्यांना भेटा, त्यांच्या ईमेलमध्ये पावती सापडू शकते. ग्राहक क्रमांक हाती आला की निम्मं काम होतं.

पत्र पाठवून थांबू नका, फोनही करा. रिडेम्प्शनमधून नाव सोडवायला रजिस्ट्रारला नोंदवहीकडे वेगळी विनंती आणि अहवाल द्यावा लागतो, शेवटच्या दिवशी धावपळ करून हे होत नाही. आणि जोडीला बॅकऑर्डर टाकून ठेवा, ड्रॉपकॅच आणि स्नॅपनेम्स दोन्हीकडे. नाव सुटलंच नाही तर एक पैसाही जाणार नाही.

खाजन
मला एक साधं विचारायचं आहे. एवढा खटाटोप कशासाठी? डॉट इन घ्या, वर्षाला थोडक्यात मिळतं. डॉट ओआरजी डॉट इन तर संस्थांना शोभतंच. फलक रंगवायला कितीसा खर्च येतो?

कुळागर
खाजनकाका, फलक रंगवता येईल. पण वाचनालयाच्या प्रकाशनांवर छापलेला पत्ता गोव्याबाहेरच्या ग्रंथालयांत आणि संशोधकांच्या तळटीपांत गेलाय. तो पत्ता दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊन तिथे शापोरांसारखी जुगाराची पानं लागली तर ते आमच्या गावाच्या नावाने लागणार. ते मला बघवणार नाही.

म्हापशेकर
कुळागरताईंचं बरोबर आहे. पण खाजनकाकांचा सल्लाही वाया घालवू नका, डॉट इन आजच जोडीला घेऊन ठेवा. डॉट इनची नोंदवही निक्सी ह्या भारतीय संस्थेकडे आहे आणि २००५ पासून ती सगळ्यांना खुली आहे. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, मराठी आणि कोकणी दोन्हींना चालतं. फलकावर ते फार सुंदर दिसतं, पण ईमेलसाठी अजून त्यावर विसंबू नका. अनेक ठिकाणचे फॉर्म तो पत्ता स्वीकारत नाहीत.

एक लक्षात घ्या, डॉट इन नाव सुटताना पकडायचं असेल तर वर लिहिलेली व्हेरिसाइनची वेळ आणि परवान्यांचं गणित लागू होत नाही. नोंदवही वेगळी. ज्या सेवेवर ऑर्डर टाकाल ती डॉट इन पकडते का हे तिच्या यादीत आधी तपासा.

न्यायवाट
वकिली करतो म्हणून दोन गोष्टी. नाव दुसऱ्याच्या हाती गेलं तरी सगळं संपलं असं नाही. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स ह्या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखं संरक्षण दिलं आहे, नोंदणी नसली तरी वापराने मिळवलेल्या ओळखीच्या आधारे. डॉट कॉमसाठी यूडीआरपी ही तक्रारपद्धत १९९९ पासून आहे, डॉट इनसाठी आयएनडीआरपी. पण यूडीआरपीमध्ये चिन्हावरचा आपला हक्क, समोरच्याला त्या नावावर रास्त हक्क नसणं, आणि त्याचा वाईट हेतू, नोंदणीतला आणि वापरातलाही, तिन्ही सिद्ध करावे लागतात. हे वाद ऐकणाऱ्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) एका पंचाची फीच १५०० डॉलर आहे. गावच्या वाचनालयाला ती झेपणार नाही. म्हणून आत्ताच रिडेम्प्शनमध्ये सोडवून घ्या.

दर्यादेग बाब, हीच तलवार तुमच्यावरही फिरू शकते. जुन्या मालकाचं नोंदवलेलं व्यापारचिन्ह असेल तर लिलाव जिंकूनही नाव जाऊ शकतं. व्यापारचिन्ह कार्यालयाच्या सार्वजनिक शोधात नाव टाकून बघा, ते फुकट आहे.

दर्यादेग
बघितलं, तसं चिन्ह नाही. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर जुनी पानं पाहिली. पूर्वी तिथे महिलांचा एक स्वयंसहाय्य गट लोणची आणि सोलं विकत होता. मनाला बरं वाटेना. पानावरचा फोन लावला, लागला. गट कधीच बंद झालाय, नाव सोडवायचा त्यांचा विचार नाही. घ्या म्हणाल्या, आणि कोकम कुठून घेता ते विचारलं. आता त्यांच्या वाड्यावरूनच घ्यायचं ठरतंय.

अबोली
दर्यादेग, फोन केलात हे फार चांगलं केलंत. कुळागरताईंच्या वाचनालयाचं नाव असंच कोणीतरी कुठेतरी बसून उचलायच्या तयारीत असेल, आणि त्याने एक फोन केला तर त्याला कळेल की माणसं इथे आहेत.

वाळवंटी
वेबॅकमध्ये बघताना शेवटच्या दोन-तीन वर्षांची पानंही बघा. मध्ये कोणी नाव घेऊन त्यावर भलतंसलतं टाकलं असेल तर गूगलमध्ये त्याची छाप राहते. मार्च २०२४ मध्ये गूगलने संपलेली नावं घेऊन त्यांच्या जुन्या पुण्याईवर कचरा चढवणं हे स्पॅममध्ये धरलं जाईल असं जाहीर केलं. तुमचं दुकान खरं असल्याने तुम्हाला धोका नाही, पण आधीच्या कोणाची शिक्षा नावावर असेल तर नाव हाती आल्यावर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये ती दिसेल.

शापोरा
पैशाचं कोणी बोललं नाही. बोली लावण्याआधी कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. २०२० पासून नवी कार्डं देशांतर्गत वापरापुरतीच येतात. लिलाव जिंकला आणि पैसे गेले नाहीत तर खातं बंद होतं. सुटलेल्या नावाची किमान किंमत साधारण ६० ते ८० डॉलर धरा, त्यावर बँकेचा परकीय चलनाचा आकार आणि त्या आकारावर जीएसटी.

खाजन
लिलाव म्हटला की खोटी बोली आलीच, नाही का? समोरचा खरा आहे हे कसं कळणार?

म्हापशेकर
काळजी योग्य आहे. २००९ मध्ये स्नॅपनेम्सने स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांचा एक कर्मचारी टोपणनावाने लिलावांत बोली लावत होता. ज्यांना त्यामुळे जास्त मोजावं लागलं त्यांना फरक व्याजासह देऊ केला. कंपनीचा मालक तेव्हा वेगळा होता. पण बाहेर बसलेल्याला समोरचा कोण हे कधीच कळत नाही. म्हणून लिलाव सुरू होण्याआधी आपली कमाल रक्कम कागदावर लिहायची, घरात एकाला सांगायची आणि त्यापुढे जायचं नाही. तसंच, तुमचं नाव आम्ही मिळवून देतो, आधी मूल्यांकनाचे पैसे भरा, असे ईमेल येतील. त्यांना उत्तरही देऊ नका.

कुळागर
मंडळी, आनंदाची बातमी. नाव परत आलं!

चिटणीसांच्या सूनबाईंनी जुना लॅपटॉप उघडून दिला, त्यात पहिली पावती मिळाली. संस्थेच्या रकान्यात वाचनालयाचंच नाव होतं. रजिस्ट्रारने आधी फक्त नोंदलेल्या ईमेलवरूनच बोलू असं सांगितलं, पण ठराव, प्रमाणपत्र आणि दाखला पाठवून रोज फोन केल्यावर खातं समितीकडे दिलं. सोडवण्याचं शुल्क आणि एका वर्षाचं नूतनीकरण भरलं. पत्रिका जुन्याच पत्त्याने छापायला गेल्या. दोन्हीकडच्या बॅकऑर्डर रद्द केल्या, पैसे लागले नाहीत.

आता हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?

वाळवंटी
फार फार बरं वाटलं! लगेच करण्यासारखं: डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत ठेवता येतं. निधी असेल तेवढी वर्षं आत्ताच वाढवा, दर वर्षी कार्डावर विसंबण्यापेक्षा ते सुरक्षित. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका, नाव संपलं की सूचनाही त्याच्यासोबत संपतात. अध्यक्ष आणि खजिनदार दोघांना पोचेल असा वेगळा पत्ता करा. आणि मुदतीची तारीख वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर कायमची घाला. पदाधिकारी बदलले की किल्ल्यांबरोबर हे खातंही हस्तांतरित व्हावं.

अबोली
बँकेत नवा ईमेल तसाच राहू द्या, परत जुना करू नका.

दर्यादेग
कुळागरताई, अभिनंदन. माझंही सांगतो. मध्यरात्री नाव सुटलं आणि ड्रॉपकॅचने पकडलं. माझ्याशिवाय अजून काही जणांची ऑर्डर होती, खुला लिलाव लागला. पहिले दोन दिवस शांत होते, शेवटच्या तासात भाव माझ्या कागदावरच्या रकमेपुढे गेला. मी थांबलो. दुसऱ्याच आठवड्यात ते नाव विक्रीच्या पानावर दिसलं, माझ्या मर्यादेच्या कितीतरी पट भावाने. घासाघीस करून घ्यावं काय?

म्हापशेकर
घेऊ नका. थांबलात ते उत्तम केलंत. डॉट इन मोकळं असेल तर आज घ्या आणि बाटल्यांवर तेच छापा, कोकम नावापेक्षा चवीवर जास्त विकलं जाईल. विकायला ठेवलेली नावं विकली गेली नाहीत तर पुढच्या वर्षी त्यांतली काही पुन्हा सोडून दिली जातात. लुकअपमध्ये नवी मुदतीची तारीख दिसेल ती लिहून ठेवा आणि त्या तारखेनंतर आठवड्यातून एकदा स्टेटस बघा. रजिस्ट्रारच्या लिलावात आलं तर तिथे, रिडेम्प्शनला लागलं तर पुन्हा ड्रॉपकॅच आणि स्नॅपनेम्स दोन्हीकडे. कमाल रक्कम तीच ठेवा.

दर्यादेग
डॉट इन मिळालं. आत्ताच पाच वर्षांसाठी घेतलं, खात्याचा ईमेल वेगळा ठेवला.